अमेरिकेत पोलीस चालकाचा वर्ण बघून गाड्या अडवतात हे खरं कशावरून? आणि त्यावर उपाय काय?

तुमची शंका अशी, की कृष्णवर्णीय चालक कदाचित नियमच जास्त मोडत असतील. ती तपासायची एक युक्ती मला फार आवडते. घड्याळातली वेळ एकच धरायची, समजा संध्याकाळचे ७. उन्हाळ्यात तेव्हा उजेड असतो, हिवाळ्यात काळोख. काळोखात चालकाचा चेहरा लांबून दिसत नाही. कारण फक्त नियम मोडणं असेल, तर उजेड-काळोखाने फरक पडायला नको. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी देशभरातल्या सुमारे १० कोटी नोंदी जमवल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापले: अंधार पडला की अडवलेल्यांमधलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण घटतं. शिवाय त्यांची झडती घ्यायला पोलिसांना गोऱ्यांपेक्षा कमी संशय पुरतो.

पोलिसांचं प्रशिक्षण आणि त्यांच्या अंगावरचे बॉडी कॅमेरे हे उपाय सगळेच सुचवतात. माझा त्यांवर फारसा भरवसा नाही. गाडी थांबल्यावर काय घडलं ते कॅमेरा दाखवेल. हीच गाडी का निवडली, ते नाही.

खरी गोम कायद्यात आहे. १९९६ च्या व्रेन खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की वाहतुकीचा नियम मोडलेला दिसला तर गाडी थांबवणं वैध, पोलिसाच्या मनातलं कारण काहीही असो. भेदभाव वाटला तर संविधानातल्या समान संरक्षणाच्या (कायद्यापुढे सगळ्यांना सारखी वागणूक) कलमाखाली दाद मागा म्हणे! आता एकट्या चालकाने पोलिसाचा हेतू कोर्टात सिद्ध कसा करायचा? आणि नियम तरी किती बारीक: एक ब्रेकलाइट बंद, आरशाला काहीतरी लटकलेलं. मैलभर मागे लागलं तर कुणाचीही चूक सापडेल.

म्हणून ही निमित्तंच कमी करावीत, असं माझं मत. फिलाडेल्फियाने २०२१ मध्ये तेच केलं: अशा आठ किरकोळ चुकांपैकी एखादी दिसली, तर तेवढ्यावरून गाडी थांबवायची नाही. व्हर्जिनियाने राज्यभर तसाच कायदा केला. यामुळे गुन्हेगारी वाढेल, असा आक्षेप नेहमी येतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलमध्ये २०१३ पासून पोलीसप्रमुखांनीच रोख किरकोळ चुकांवरून काढून वेग आणि सिग्नल मोडणाऱ्यांकडे वळवला. पुढच्या अभ्यासात अपघात आणि त्यांतले मृत्यू कमी झालेले, अडवलेल्यांमधलं कृष्णवर्णीयांचं प्रमाणही थोडं उतरलेलं दिसलं. बाकी गुन्ह्यांत फारसा फरक नव्हता.

तुम्ही तिथे गाडी चालवत असाल तर एवढं माहीत असू द्या: ‘गाडीत बघू का?’ असं विचारलं, तर शांतपणे नाही म्हणता येतं. तसा हक्क आहे हे सांगायला मात्र बहुतेक ठिकाणी पोलीस बांधील नसतात.