ललिता पवार आणि डोळ्याचा तो अपघात

प्रश्न : ललिता पवार म्हटले की आमच्या घरी सर्वांना खाष्ट सासूच आठवते. चित्रीकरणातल्या एका थपडेने त्यांचा डोळा गेला आणि म्हणूनच त्यांना अशा भूमिका मिळत गेल्या, हे खरे का? त्यांनी मराठीत काही काम केले होते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घटना खरी आहे, तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र अर्धाच खरा आहे. तुमच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात १९१६ साली जन्मलेल्या ललिताबाई मूकपटांच्या काळातच पडद्यावर आल्या आणि पुढे नायिका झाल्या. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिका त्यामुळे हातच्या गेल्या, यात शंका नाही. परंतु बारीक डोळ्यामुळे भूमिका मिळते, ती उभी करता येत नाही. आणि त्यांच्या कारकिर्दीचे सगळे श्रेय त्या अपघाताला देणे मला अन्यायाचे वाटते.

‘अनाडी’तली (१९५९) मिसेस डिसा पाहावी. या घरमालकिणीच्या तोंडी भाड्याचा तगादा आहे, आवाज चढलेला आहे, आणि त्याच वेळी भाडेकरू उपाशी तर नाही ना, याकडे तिचे सारे लक्ष लागलेले आहे. ललिताबाई बोलण्यातला कडकपणा जराही कमी करत नाहीत. माया दिसते ती बोलून झाल्यावर क्षणभर रेंगाळणाऱ्या नजरेत, आणि तीही त्याच डोळ्यांच्या नजरेत. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘श्री ४२०’मध्ये (१९५५) मोलभावात राजने आकड्यांची उलटापालट केल्यावर गोंधळून जाणारी केळीवाली त्यांनीच साकारली. ‘प्रोफेसर’मध्ये (१९६२) तर घराला धाकात ठेवणारी करारी बाई म्हाताऱ्याच्या वेशातल्या शिक्षकावर भाळते आणि नटूथटू लागते. हा प्रसंग उथळ करणे किती सोपे होते! त्यांनी मात्र तिचा एकटेपणा खरा ठेवला, म्हणून हसताहसता तिची कीवही येते.

खाष्ट सासू त्यांनी अनेकदा केली, आणि ‘रामायण’ मालिकेतल्या मंथरेने तीच ओळख नव्या पिढीत पक्की केली.

मराठीतही त्यांनी काम केले आहे. प्रभातच्या ‘रामशास्त्री’मध्ये (१९४४) ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेली आनंदीबाई त्यांनी रंगवली. अपघातानंतर दोनच वर्षांनी आलेल्या या चित्रपटात रामशास्त्र्यांच्या भूमिकेतल्या गजानन जागीरदारांसारख्या नटापुढे उभे राहायचे होते, हे लक्षात ठेवून तो जरूर पाहा. सासूच्या भूमिका पाहण्याआधी पाहिलात तर अधिक बरे.