वाचकांचे प्रश्न : आपल्या उन्हात थर्मोस्टॅट हवाच कशाला?

प्रश्न : माझी जुनी पेट्रोल गाडी एरवी ठीक चालते, पण मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकतो. ओळखीचे मिस्तरी म्हणाले, "थर्मोस्टॅट काढी टाक भाऊ, आपलाकडे काय बरफ पडस का?" काढावा का? की कमी डिग्रीचा बसवावा?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : काढू नका, दादा. कमी डिग्रीचाही बसवू नका. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवायचो, तेव्हाही हाच सल्ला जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांतून कानावर यायचा. त्यापायी धडधाकट इंजिनं अकाली झिजतात, याचं मला फार वाईट वाटतं.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवरची आपोआप उघडणारी झडप, म्हणजेच वॉल. त्याच्या पितळी डबीत मेण असतं. इंजिन थंड असताना वॉल बंद राहतो आणि कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणारं पाणी, इंजिनाचा ब्लॉक, हेड आणि हीटर एवढ्यातच फिरतं. कूलंट साधारण ८२ किंवा ८८ अंशांवर पोहोचलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. वॉल कितीला उघडायला लागणार तो आकडा बहुतेक वेळा त्याच्या अंगावरच ठोकलेला असतो. त्याच्यापुढे दहा-पंधरा अंशांत तो पूर्ण उघडतो, आणि एकदा पूर्ण उघडला की त्याचं काम संपलं. म्हणजे इंजिन किती अंशांच्या खाली जाऊ नये, हे थर्मोस्टॅट ठरवतो. किती वर जाऊ नये, ते रेडिएटर, पंखा आणि वॉटर पंपाच्या हातात. घाटात तुमचं कूलंट शंभरीला टेकलं असेल, तेव्हा ८२चा काय नि ७६चा काय, दोन्ही वॉल सताड उघडे असणार. कमी डिग्रीच्या वॉलने घाटात काहीच फरक पडणार नाही.

मुळात काढलाच तर? एरवी, सपाटीवर, इंजिन नीट तापतच नाही. कॉम्प्युटर समजतो की गाडी अजून थंड आहे आणि जास्त पेट्रोल सोडत राहतो. ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं, वाफ ऑइलमध्येच राहून गाळ धरतो. शिवाय जळगाव, धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली येतो, हे मे महिन्यात कुणाला आठवत नाही. अजून एक गोष्ट मिस्तरींना जरूर दाखवा : पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला मागे दुसरी चकती असते. वॉल उघडला की ती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा राहतो, आणि गरम कूलंटचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरतो. अशी गाडी घाटात आणखी तापते.

आता तुमचं खरं दुखणं शोधू. सपाटीवर ठीक आणि चढावर गरम, म्हणजे माझा पहिला संशय रेडिएटरवर. आपल्याकडे जिनिंगच्या रस्त्यांवर कापसाचे तंतू उडतात. ते एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत जाऊन नमद्यासारखे बसतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून कुणी आत बघत नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाने पाणी मारून धुवा. जोराच्या पाण्याने पाती वाकतात. मग पंखा दोन्ही वेगांवर फिरतो का पाहा. रेडिएटरचं झाकणही तपासा : त्याच्या दाबामुळेच कूलंट शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि रबर वाळलं की तो दाब राहत नाही. कूलंट वारंवार कमी होत असेल किंवा टाकीत बुडबुडे येत असतील, तर हेडचं पॅकिंग तपासून घ्या.

थर्मोस्टॅट अर्धवट अडकलेला असू शकतो, तेही खरं. सकाळी गार गाडी चालू करून पंख्यापासून हात जपून रेडिएटरच्या वरच्या होजला, म्हणजे रबरी नळीला, स्पर्श करा. तो बराच वेळ गार राहून मग थोड्या वेळात गरम झाला पाहिजे. काटा वर गेला आणि होज गारच, तर वॉल बंद अडकलाय किंवा कूलंट कमी आहे. काही गाड्यांत वॉल खालच्या होजला असतो, तिथे तो होज बघायचा. पक्की खात्री करायची तर वॉल काढून त्याच्या फटीत दोरा अडकवा आणि पातेल्यातल्या पाण्यात, तळाला न टेकता, टांगा. सोबत थर्मामीटर धरून पाणी तापवा. वॉल उघडला की दोऱ्यावरून सुटून खाली पडतो. तो आकडा अंगावरच्या आकड्याशी जुळायला हवा.

बदलायचा झाला तर दुकानात चॅसिस नंबर सांगा आणि कंपनीने दिलेल्या अंशांचाच घ्या. पुष्कळ नव्या गाड्यांत वॉल आणि प्लॅस्टिकचं हाउसिंग एकजीव येतं. तिथे अख्खा संच बदला, नुसता वॉल ठोकून बसवू नका. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. मेणाची डबी इंजिनाकडे, आणि छोटी हलती पिन असेल तर ती वर, कारण तिच्यातूनच अडकलेली हवा निघते. जुनं पॅकिंग ॲल्युमिनियमवरून हलक्या हाताने खरवडा, स्क्रूड्रायव्हरने खाचा पाडू नका. नवं पॅकिंग असताना वर सिलिकॉन थापण्याची सवय वाईट. त्याचे तुकडे सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतात. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा निघू द्या. दुसऱ्या दिवशी गार गाडीत पातळी पुन्हा बघा.

निघालेलं कूलंट गटारीत किंवा आवारात ओतू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्यातलं ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री आणि गुरं ते चाटतात आणि मरतात. डब्यात भरून झाकण लावा आणि गॅरेजला द्या.

तोवर घाटात काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा, खालच्या गिअरवर या आणि हीटर पूर्ण जोरात लावा. मे महिन्यात जीव नकोसा होतो, पण हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. काटा लालकडे गेला तर जागा बघून गाडी बाजूला घ्या.

प्रश्न : हायवेवर माझ्या गाडीचा काटा खाली जातो, गावात आली की वर येतो. मायलेजही कमी झालंय, आणि इंजिनाचा दिवा लागला आहे. काटा खालीच आहे म्हणजे चांगलंच ना?
— एक वाचक, शहादा

उत्तर : नाही, ताई. हा वॉल उघडा अडकल्याचा नेहमीचा नमुना आहे : वेगात वारा लागला की इंजिन गार पडतं. स्कॅनरवर पी०१२८ हा कोड आला तर जवळजवळ तेच. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर एकदा तपासून घ्या आणि वॉल बदला. गाडी कुठे अडत नाही, म्हणून लोक वर्षभर अशीच चालवतात, आणि रोज जास्तीचं पेट्रोल जळत राहतं.

प्रश्न : रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी चालेल का?
— एक वाचक, यावल

उत्तर : रस्त्यात अडलात तर घरी पोहोचण्यापुरतं चालेल. नंतर सगळं काढून कंपनीचं तयार कूलंट भरा, किंवा घट्ट कूलंट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरा. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि थर्मोस्टॅटच्या दांडीवर बसतात, आणि मग वॉल अडकतो.