पाळीचं कापड दोरीवर येऊ द्या

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. दिवाळीत तिला पाळी सुरू झाली. कधी २५ दिवसांनी येते, कधी दीड महिन्यानं. घरी सुती कापड घेते, शाळेत जाताना पॅड. सकाळी ८ ला लावलेलं पॅड संध्याकाळी ५ ला घरी येऊनच बदलते. आता जांघेत लाल चट्टे आलेत, खाज सुटते. हे कापडामुळे का?
– एक आई, चिपळूण तालुका

उत्तर : ताई, सुती कापड वाईट नाही. ते वाळतं कुठे, एवढं सांगा. आमच्याकडे ते गोठ्यामागे, गोणपाटाखाली असायचं. आषाढात कुबट वास यायचा, तरी तेच घ्यायचं. बाबांच्या सदऱ्याशेजारी दोरीवर टाकायची हिंमत घरात कुणालाच नव्हती. मलाही असेच चट्टे उठले होते. आईला बोलले नाही. तुमची लेक तुमच्याशी बोलली, याचं मला फार बरं वाटलं.

कापड गार पाण्यात भिजवा, साबणानं धुवा आणि सरळ दोरीवर, उन्हात टाका. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवून दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवा. हाताला जरासुद्धा दमट लागलं तर वापरू नका.

पण ९ तास एकच पॅड, हे मला जास्त खटकतं. रक्त कमी जात असलं तरी ४ ते ६ तासांनी बदलायलाच हवं. शाळेत का बदलत नाही, ते तिला विचारा. माझ्याकडे येणाऱ्या मुली सांगतात, संडासाला कडी नाही, पाणी नाही, पॅड टाकायला डबा नाही. म्हणून त्या दिवसभर पाणीही पीत नाहीत, मग लघवीला जळजळ होते. दोन-चार आया मिळून शाळेत जा आणि कडी, पाणी, डबा मागून घ्या. दप्तरात जादा पॅड आणि गुंडाळायला कागद असू द्या. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड १ रुपयाला एक मिळतं.

चट्टे साध्या पाण्यानं धुऊन कोरडे ठेवा. योनीच्या आत साबण किंवा जंतुनाशक नको. दुकानदारानं दिलेलं खाजेचं मलम तर मुळीच लावू नका, त्यात बरेचदा स्टिरॉइड, म्हणजे खाज तेवढ्यापुरती दाबणारं औषध असतं. आठवडाभरात कमी झालं नाही तर दाखवा.

पहिली एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, घाबरू नका. ३ महिन्यांहून लांबली, ७ दिवसांपेक्षा जास्त चालली किंवा तासाभरात पॅड भिजू लागलं, तर मात्र डॉक्टरांकडे न्या. आणि तिथे तिला थोडा वेळ एकटीनं बोलू द्या.