खाली सही कोणाची?

भांडुपहून पत्र लिहिणाऱ्या ताईंना सप्रेम नमस्कार.

आपला आठवीतला मुलगा घटक चाचणीत कॉपी करताना सापडला आणि वर्गशिक्षिकेने डायरीत लिहिलेल्या शेऱ्याखाली त्याने आईची सही स्वतःच ठोकून दिली. ते उघडकीस आल्यावर शिक्षिका भरवर्गात ‘घरचे वळणच नाही’ असे म्हणाल्या, तर आपले पती ‘मग फी कशाची भरतो?’ असे म्हणाले. शेवटी आपण शाळेत जाऊन ‘चार फटके द्या, आमची हरकत नाही’ असे सांगून आलात, आणि आता चूक घराची की शाळेची, असे मला विचारता.

फटक्यांचे आधी सांगते. आपली हरकत नसली तरी शिक्षिकांना ते देता येणार नाहीत, कारण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, दोहोंना मनाई केली आहे. भरवर्गात मुलाच्या घराचा उद्धार करणेही मला गैरच वाटते. त्याबद्दल मुख्याध्यापकांशी अवश्य बोला, मात्र मुलाला सोबत न घेता.

आपल्या पत्रातील एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. गेल्या वर्षी गणपतीला गावी चार दिवस जास्त राहिलात, तेव्हा शाळेत ‘ताप आला होता’ अशी चिठ्ठी दिलीत आणि ‘बाईंनी विचारले तर तापच सांग’ असे मुलाला बजावलेत. कोकणातल्या घराची ती ओढ मला पुरती समजते, आणि अशी चिठ्ठी देणारे मुंबईतले घर काही आपले एकटेच नाही. तरीही, शाळेत द्यायच्या कागदावरचा मजकूर खरा असलाच पाहिजे असे नाही, वेळ निभावली की झाले, हे त्या दिवशी तो आपल्या स्वयंपाकघरात उभा राहून शिकला, आणि डायरीतली सही करताना त्याने तेच वापरले. हे कठोर वाटेल, पण आपल्या हातात असलेली गोष्ट हीच आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

ती चिठ्ठी खोटी होती आणि ती चूक आपली होती, हे प्रथम त्याला आपल्या तोंडून सांगा. मग पतींना अर्ध्या दिवसाची रजा काढायला लावून तिघेही शाळेत जा. सहीबद्दल त्याने स्वतः बोलावे, आपण मध्ये पडू नये. त्या चाचणीचे गुण गेले तर जाऊ द्या, त्यासाठी रदबदली नको. शिक्षिकांकडे मागायचेच असेल तर एवढेच मागा, की कोणत्या धड्यापासून त्याला समजेनासे झाले ते त्यांनी त्याला एकट्याला, न ओरडता विचारावे, कारण ते शोधणे हे खरोखर शाळेचे काम आहे.

यंदा गणपतीच्या रजेचा अर्ज वेळेवर द्या, त्यात खरे कारण लिहा, आणि मुख्याध्यापकांनी नकार दिला तर परतीचे तिकीट चार दिवस आधीचे काढा. अर्ज मुलाकडून लिहून घेतलात तरी चालेल, खाली सही मात्र आपण करा.