नेदरलँड्सला जातोय, मुलगी साडेतीन वर्षांची आहे. डच शाळेत घालावं की इंटरनॅशनल स्कूलमध्ये?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी दोन-तीन वर्षं आइंडहोवनला जाताय, मुलीला डचचा गंध नाही आणि इंग्रजी पण नर्सरीपुरतंच येतं. माझं मत विचाराल तर घराजवळच्या डच शाळेतच घाला, आमची मुलगी अशीच चार वर्षांची असताना डच शाळेत जायला लागली आणि या वयात याच्यापेक्षा चांगलं काही असेल असं मला आजही वाटत नाही.

तिथे मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जाऊ शकतं, आपल्यासारखं जूनची वाट बघावी लागत नाही, वाढदिवस झाला की लगेच सुरू. सक्ती मात्र पाच वर्षं पूर्ण झाल्यावर, पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. म्हणजे मधलं वर्षभर कायद्याचा धाक नसतो, मूल दमलं तर शाळेशी बोलून घरी ठेवता येतं. नाव मात्र तिसऱ्या वाढदिवसानंतर कधीही देता येतं आणि निदान दहा आठवडे आधी तरी द्यावं, तुमची मुलगी साडेतीनची आहे म्हणजे पोचल्या पोचल्या पहिलं काम हेच. नगरपालिकेत पत्ता नोंदवला की बीएसएन, म्हणजे तिथला नागरिक क्रमांक, मिळतो, मग शाळांना फोन करून बघायला जायचं. खरं तर घर फायनल करायच्या आधीच आसपासच्या शाळांत जागा आहे का विचारा, चांगल्या शाळांना वेटिंग असतं. सरकारी अनुदानाच्या शाळेला फी नाही, मॉन्टेसरी आणि डाल्टन पद्धतीच्या शाळाही बहुतेक याच अनुदानातल्या. सहलीबिहलीसाठी वर्गणी मागतात पण ती ऐच्छिक असते, नाही दिली म्हणून मुलाला सहलीतून वगळता येत नाही. इंटरनॅशनलला अनुदान असलं तरी वर्षाला काही हजार युरो जातात आणि पूर्ण खासगी असेल तर त्याच्या कितीतरी पट.

आता अभ्यासाचं, कारण आपल्याकडच्या आजी-आजोबांचा पहिला प्रश्न हाच असतो की लिहायला कधी शिकवणार. ग्रूप १ आणि २ मध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्या दोन इयत्तांत, जवळजवळ सगळा खेळच असतो, सकाळी गोल करून बसायचं, गाणी, ठोकळे, मातीत खेळणं, पाऊस असला तरी बाहेर. वाचन-लेखन नीट सुरू होतं ते ग्रूप ३ ला, म्हणजे साधारण सहाव्या वर्षी. पुण्यातली तिच्या वयाची मुलं ज्युनिअर केजीत वह्या भरत असतात हे बघून जीव कासावीस होतो, पण त्यामुळे काही अडत नाही. उलट भाषा न येणाऱ्या मुलासाठी ही दोन वर्षं म्हणजे सोन्यासारखी, कारण वर्गात कोणालाच लिहायचं नसतं, सगळी नुसती बोलत आणि खेळत असतात. सात-आठ वर्षांचं मूल असतं तर तुम्हाला वेगळं सांगितलं असतं, त्यांना बऱ्याचदा आधी नव्याने आलेल्या मुलांच्या भाषेच्या वर्गात जावं लागतं, आणि दोनच वर्षं राहायचं असेल तर तेव्हा इंटरनॅशनलचा विचार जरूर करावा.

सुरुवातीला ती शाळेत गप्प गप्प राहील. घाबरू नका. आमची कित्येक महिने वर्गात एक शब्द बोलत नव्हती, बाई रोज सकाळी दारात उभ्या राहून प्रत्येक मुलाशी हात मिळवायच्या तर ही हात द्यायची आणि खाली बघायची. आणि घरी मात्र एक दिवस बाहुल्यांना गोल बसवून अस्खलित डचमध्ये दटावत होती, अगदी बाईंच्या सुरात. भाषा आत मुरत असते, ती बाहेर यायला वेळ लागतो. तुम्ही घरी मराठीच बोला, अर्धंमुर्धं डच तिच्याशी बोलू नका, ते काम शाळेचं. परत यायचंय म्हणता तर बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत, पाचव्या-सहाव्या वर्षी रात्री झोपताना थोडं थोडं घ्या.

डबा थंडच. गरम जेवण बहुतेक शाळांत नसतं, मुलं ब्रेड-चीज आणतात. पोळीचा रोल, थालीपीठ चालतं, फक्त पटकन खाता येईल असं द्या कारण जेवायला वेळ फार कमी असतो. आणि शू-शी स्वतःची स्वतः करता आली पाहिजे, याबद्दल शाळा आग्रही असतात.

दोघं नोकरी करणार असाल तर बीएसओ, म्हणजे शाळेनंतरचं पाळणाघर, त्याचं नाव शाळेबरोबरच नोंदवा. शाळा दोन-अडीचला सुटते, काही ठिकाणी बुधवारी त्याहूनही लवकर, आणि बीएसओलाही रांगा आहेत.

मूल पाच वर्षांचं होऊन सक्ती लागू झाली की एक गोष्ट फार कडक, शाळा चालू असताना सुट्टी काढून भारतात जायचं नाही, दंड होतो. तिकिटं महाग पडली तरी शाळेच्या सुट्टीतच जावं लागतं. दिवाळीला मात्र धार्मिक सण म्हणून एक दिवस हक्काने मिळतो, आधी कळवायचं फक्त.

मुलीचा चौथा वाढदिवस कुठल्या महिन्यात आहे ते कमेंटमध्ये सांगा. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर येत असेल तर बऱ्याच शाळा सुट्टीनंतरच घेतात, मग तोपर्यंत एखादा डच प्लेग्रूप बघावा लागेल.