माशांची अंडी वेळेआधी फुटतात? पावडरीचा डबा दुकानातच राहू द्या

प्रश्न (वाळवा, पलूस, कराड भागातील हॅचरीधारक, म्हणजे माशांची अंडी उबवणारे): कटला-रोहूची अंडी दहा-अकरा तासांतच फुटतात, जिरे (नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले) अर्धवट वाढलेले निघते आणि तळाला बसून मरते. दुकानदार म्हणतो, उबवणीसाठी एन्झाइमची पावडर टाका. टाकावी का? उलट सायप्रिनस (कॉमन कार्प) माशाची अंडी फुटतच नाहीत, ती कशाने?

उत्तर: पावडर टाकू नका. तुमची अंडी आधीच लवकर फुटत आहेत, त्यावर फोडणारे औषध कशाला?

कवच फोडायचे विकर (एन्झाइम) गर्भ स्वतःच तयार करतो. वाढ पुरी होत आली की ग्रंथी ते आतून सोडतात, कवचाचा आतला थर विरघळतो आणि शेपटीच्या फटक्याने पिल्लू बाहेर पडते. जपानी मेडाका माशात तर दोन विकरे जोडीने हे काम करतात, एक थर फुगवते, दुसरे तो विरघळवते. बाहेरून टाकलेल्या पावडरीला गर्भाची वाढ कुठवर आली हे कळत नाही.

26 ते 31 अंश सेल्सिअस पाण्यात कटला, रोहू, मृगळ यांची अंडी फुटायला साधारण 14 ते 20 तास लागतात. त्याच्या बरेच आधी फुटली तर दोष पाण्याचा धरा. ऑक्सिजन कमी पडला की गर्भ घाईने विकर सोडतो. त्यात उबवणीच्या कुंडात अंडी दाटलेली असली तर आधी फुटलेल्यांचे विकर पाण्यात साचते आणि बाकीच्यांचे कवचही विरघळू लागते. बोअरचे पाणी थेट कुंडात सोडणाऱ्यांकडे हे हमखास दिसते. त्या पाण्यात ऑक्सिजन नसतो. आदल्या दिवशी टाकीत भरा, फवाऱ्यातून पाडा, मग वापरा.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा: अंडी विरळ ठेवा. घनमीटरला 7 लाखांच्या वर जाऊ नका. कुंडावर शेडनेट टाका. फुटायला लागली की पाण्याचा फिरण्याचा वेग कमी करा, पण नवे पाणी येणे थांबवू नका. थांबवले की विकर आणि रिकामी कवचे तिथेच साचतात.

आता सायप्रिनस. अंड्यांचा चिकटपणा काढायला टॅनिन (तुरट पदार्थ) जास्त वापरले की कवच कातड्यासारखे घट्ट होते आणि पिल्लू आतच गुदमरते. लिटरला अर्धा ग्रॅम, तेही काही सेकंदच. दुकानदार सांगतो तसे 'अजून दोन चमचे' नाही. खरे तर लहान हॅचरीला टॅनिन लागतच नाही. हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) हायड्रिला ही पाणवनस्पती किंवा नायलॉनचे झुपके सोडा, अंडी त्यालाच चिकटू द्या, तिथेच उबू द्या.

बुरशीसाठी टाकायच्या फॉर्मॅलिन औषधाचेही तेच. जास्त झाले की कवच कडक होते. अंडी फुटण्याच्या तोंडावर तर एक थेंबही नको. पाणी सुधारणाऱ्या काही औषधांत ईडीटीए हे रसायन असते. कवच फोडणारे विकर जस्तावर चालते, ईडीटीए ते जस्तच धरून ठेवते, मग कवच विरघळत नाही. डब्यावरचे घटक वाचल्याशिवाय कुंडात काहीही ओतू नका, दुकानदार शेजारचा असला तरी.

हॅचरीसाठी 2020 च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40, महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान ठरले होते. चालू वर्षाचे जिल्हा मत्स्य कार्यालयात विचारा.

फुटल्यावर जिरे सुमारे 3 दिवस पोटाच्या पिशवीतल्या अन्नावर जगते. पहिल्याच दिवशी खाद्य टाकायला सांगणाऱ्याचे ऐकू नका. ते कुजते, पाणी नासते, आणि वाचलेले जिरेही जाते.