डीएमडीचं संशोधन कुत्र्यांवर का करतात? कुत्रा बरा झाला म्हणजे मुलगाही बरा होईल का?

तुम्ही लिहिलंय की भाच्याला डचेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (डीएमडी), म्हणजे स्नायू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार निघाला, कोणीतरी मोबाईलवर 'औषधाने कुत्रे बरे झाले' असा व्हिडिओ पाठवला आणि तेव्हापासून घरात वावर विकायची भाषा सुरू आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर आहे, माणसांचा नाही. पण त्या कुत्र्यांबद्दल मला नक्की सांगता येईल, आणि पहिलं सांगणं हेच की वावर आत्ता विकू नका.

हा आजार गोल्डन रिट्रीव्हर जातीत निसर्गतःच सापडला. डिस्ट्रॉफिन हे स्नायूचा धागा शाबूत ठेवणारं प्रथिन; तुमच्या भाच्यात बिघडलेला त्याचा जनुकच त्या कुत्र्यांतही बिघडलेला असतो. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे दोन्हीकडे त्रास मुख्यतः नरांना होतो. डिस्ट्रॉफिन नसलं की स्नायूचा धागा प्रत्येक हालचालीत थोडा थोडा फाटतो आणि त्या जागी चरबी आणि कडक तंतू भरतात. असं पिल्लू काही आठवड्यांतच अडखळत चालायला लागतं. जबडा आखडतो, गिळताना त्रास होतो, लाळ गळते. पुढे श्वास आणि हृदयही आजाराच्या तावडीत सापडतं.

उंदरांवर प्रयोग होतातच. १९८४ पासून त्यासाठी एमडीएक्स नावाचा उंदीर आहे. पण त्याचे स्नायू फाटले तरी पुन्हा भरून येतात आणि तो जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतो. शिवाय वजन पंचवीस-तीस ग्रॅम. जनुक-उपचारात चांगला जनुक विषाणूवर लादून शरीरात पोचवतात, आणि तो विषाणू किलोमागे मोजून द्यावा लागतो. उंदराला पुरला म्हणून वीस-पंचवीस किलोच्या पोराला किती लागेल आणि त्याचं शरीर त्यावर कसं उसळेल, हे उंदीर सांगू शकत नाही. कुत्रा बराच जास्त सांगतो.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या एरिक ओल्सन यांच्या गटाने क्रिस्पर या जनुक कापून दुरुस्त करण्याच्या तंत्राने हाच आजार असलेल्या चार बीगल पिल्लांमध्ये डिस्ट्रॉफिन पुन्हा तयार करून दाखवलं. एका पिल्लाच्या हृदयाच्या स्नायूत ते निरोगी कुत्र्याच्या ९२ टक्क्यांपर्यंत गेलं. पण पिल्लं चारच आणि तपासणी जास्तीत जास्त आठ आठवड्यांची. 'बरे झाले' हा शब्द त्याला लावता येत नाही.

ब्राझीलमधल्या रिंगो या गोल्डन रिट्रीव्हरची हकीकत मला याहून मोलाची वाटते. त्याच्यात डिस्ट्रॉफिन नव्हतंच, तरी तो चालत-फिरत अकरा वर्षांचा झाला. तिथल्या जनुकशास्त्रज्ञ मायाना झात्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं तेव्हा जॅग्ड-१ नावाच्या दुसऱ्याच जनुकाची पातळी त्याच्यात वाढलेली निघाली. म्हणजे डिस्ट्रॉफिन परत न आणताही स्नायू वाचवायची वाट असू शकते. ही वाट एका आजारी कुत्र्याने दाखवली. अशी पिल्लं वेदनेत वाढवावी लागतात याचं मला वाईट वाटतं. माझ्या मते हे फक्त जिथे दुसरा मार्गच नाही तिथे, आणि कमीत कमी जनावरांवर व्हावं.

आता कटू गोष्ट. मायोट्युब्युलर मायोपथी हा दुसरा आनुवंशिक स्नायूविकार लॅब्राडॉरमध्ये आढळतो. त्या कुत्र्यांना जनुक-उपचार दिल्यावर ती फार छान सुधारली. तोच मार्ग मुलांवर नेला तेव्हा कित्येकांचे श्वास आणि हालचाल सुधारली, पण २०२० आणि २०२१ मध्ये चार मुलं यकृत बिघडून दगावली. कुत्र्यात हे दिसलं नव्हतं.

म्हणून आत्ता हातात आहे ते करा. जनुक-तपासणीचा कागद नीट जपा. जनुकाचा कोणता तुकडा, म्हणजे एक्झॉन, गळालाय यावर पुढे काही औषधं चालतील की नाही हे ठरतं. बऱ्याच मुलांत गळती ४५ ते ५५ नंबरच्या एक्झॉनच्या पट्ट्यात असते. न्यूरॉलॉजिस्टला स्टेरॉइडबद्दल विचारा, त्याने चालणं काही वर्षं टिकू शकतं. स्नायू हलके ताणून मोकळे करण्याचा रोजचा व्यायाम (स्ट्रेचिंग), हृदयाची आणि श्वासाची नियमित तपासणी सोडू नका. मुंबईचं केईएम हे दुर्मिळ आजारांचं मान्यताप्राप्त केंद्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवा. कोणी पैसे घेऊन स्टेम सेलचं इंजेक्शन देतो म्हणाला तर उठून या; या आजारासाठी भारतात त्याला मान्यता नाही.

आणखी एक. बहिणीला कोणी बोल लावत असेल तर थांबवा. सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, आणि जिथे आईकडून आला तिथेही त्यात तिचा दोष नाही. पण तिची तपासणी जरूर करा. ती वाहक, म्हणजे बिघडलेला जनुक बाळगणारी, निघाली तर तुमच्या बाकी बहिणींचीही करावी लागेल, आणि वाहक बायकांचं हृदयही अधूनमधून तपासायला हवं. कागदावर एक्झॉनचा नंबर काय आहे तो खाली लिहा. त्या जागेचं कुत्र्यांवर काय काम झालंय ते शोधून सांगतो.